टेबलाखालचा वायरींचा गुंता कसा सोडवावा

टेबलाखालच्या वायरी आवरायचे ठरले की बहुतेक जण आधी प्लॅस्टिकच्या केबल टायचे पाकीट विकत आणतात आणि जे जसे पडले आहे ते तसेच आवळून टाकतात. काही दिवस ते बरे दिसते. मग प्रिंटर दुसरीकडे हलवायचा असतो किंवा राउटरचा अडॅप्टर बदलायचा असतो, आणि तेवढ्या एका वायरीसाठी सगळे टाय कापावे लागतात. बांधणे हे या कामातले शेवटचे काम आहे. त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: वीज टेबलापर्यंत कोठून आणायची आणि प्रत्येक वायरीची जास्तीची लांबी कोठे ठेवायची. या दोन गोष्टी नीट ठरल्या तर बांधायला फारसे काही उरत नाही.

गुंता मुळात होतो कसा, हेही थोडे पाहायला हवे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी दोऱ्याचा तुकडा डब्यात घालून तो डबा गरागरा फिरवण्याचे प्रयोग तीन हजारांहून अधिक वेळा केले आणि त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. सुमारे ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड दोऱ्याला गाठ जवळजवळ पडलीच नाही, आणि लांबी वाढली तशी गाठ पडण्याची शक्यता झपाट्याने वाढली. गाठ पडण्यासाठी एक मोकळे टोक लागते. टेबलाखाली दोन्ही टोके अडकवलेली वायर आपण होऊन गाठ मारून घेत नाही. आपण ती एका बाजूने काढतो, दुसऱ्या दोन वायरींच्या खालून घेऊन परत लावतो, आणि असे वर्षभर करत राहिलो की त्यांची वेणी तयार होते. म्हणजे दोष जास्तीच्या लांबीचा आणि वारंवार सुटणाऱ्या टोकांचा. उपायही तेथेच करायचा.

उदाहरणासाठी आपल्याकडच्या फ्लॅटमधले नेहमीचे टेबल घेऊ. चार फूट रुंद, १८ मिलिमीटर प्लायवूडचे, वर सनमायका. त्यावर मॉनिटर, खाली सीपीयू आणि ६०० व्हीएचा यूपीएस, बाजूला प्रिंटर, भिंतीवर फायबर इंटरनेटचा डबा आणि राउटर, शिवाय लॅपटॉपचा व मोबाइलचा चार्जर. एवढ्या सामानाच्या वायरी मोजायला बसलात तर आकडा सहज पंधराच्या घरात जातो.

सोडवण्यापूर्वी

संगणक रीतसर बंद करावा, मग यूपीएस त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा आणि शेवटी भिंतीवरचे बटण. यूपीएसचे मुद्दाम सांगावे लागते, कारण भिंतीवरचे बटण बंद केले म्हणजे सगळे बंद झाले असे आपण गृहीत धरतो. यूपीएसचे कामच मुळी वीज गेल्यावर बॅटरीवरून पुरवठा चालू ठेवण्याचे आहे, त्यामुळे भिंतीवरचे बटण बंद असतानाही त्याच्या मागच्या सॉकेटांत २३० व्होल्टची वीज असू शकते. दोन्ही बटणे बंद झाल्यावर सीपीयूच्या मागच्या बाजूचा आणि राउटरच्या मागच्या बाजूचा मोबाइलने एकेक स्पष्ट फोटो घ्यावा. राउटरला लॅनची, म्हणजे संगणकाला नेटवर्कची वायर जोडण्याची, चार भोके एका रंगाची आणि इंटरनेट आत येणारे एक वेगळ्या रंगाचे असते. फोटो असला की नंतर अंदाज करत बसावे लागत नाही.

आता वायरी काढाव्यात, पण ओढून नव्हे. प्रत्येक वायर एका टोकाने सोडवावी, हातावरून घसरवत दुसऱ्या टोकापर्यंत जावे, ते टोक काढावे आणि लगेच त्या वायरीवर नाव लिहावे. नावासाठी रंगाऱ्यांकडे असते ती कागदी मास्किंग टेप उत्तम, कारण तिच्यावर बॉलपेनने लिहिता येते. वरून पारदर्शक चिकटपट्टीचा एक वेढा दिला की शाई पुसली जात नाही. नाव दोन्ही टोकांना, पिनेपासून चार बोटे अंतरावर हवे. भिंतीकडच्या टोकाला ते जास्त गरजेचे असते, कारण एकसारख्या दिसणाऱ्या काळ्या पिनांच्या रांगेतून नेमकी कोणती काढायची हा प्रश्न तेथेच पडतो.

अडॅप्टरच्या बाबतीत नुसते उपकरणाचे नाव पुरत नाही. राउटर, सेट-टॉप बॉक्स, स्पीकर, जुना हार्ड डिस्कचा डबा या सगळ्यांच्या अडॅप्टरांची गोल पिन बहुधा एकमेकांत बसते, पण व्होल्टेज वेगळे असते: राउटरला साधारणपणे १२ व्होल्ट लागतात, काही छोट्या उपकरणांना ५, आणि बऱ्याच लॅपटॉपना १९ च्या आसपास. १२ व्होल्टच्या राउटरला १९ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. म्हणून पट्टीवर ‘राउटर, १२ व्होल्ट, १ अँपिअर’ असे पुरे लिहावे. कधी अडॅप्टर बदलण्याची वेळ आलीच तर व्होल्टेज तंतोतंत जुळले पाहिजे, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, आणि अडॅप्टरवर छापलेली अधिक-उण्याची छोटी आकृती उपकरणावरच्या आकृतीशी जुळली पाहिजे. यूएसबी-सी वायरींची गंमत याहून निराळी आहे. दिसायला सगळ्या सारख्याच. पण एखादी चार्ज करते पण डेटा रडतखडत नेते, एखादी ६० वॅटपर्यंतच वीज नेते, तर एखादी २४० वॅटपर्यंत. लॅपटॉपसोबत आलेल्या वायरीवर तसे लिहून ठेवले तर ती मोबाइलला लागून घरभर फिरत नाही.

वायरी हातात आहेत तोवर त्या नीट तपासूनही घ्याव्यात. तळमजल्यावरच्या किंवा जुन्या चाळीतल्या घरात उंदरांनी कुरतडलेली वायर सापडणे नवलाचे नाही. आतली तांब्याची तार दिसत असेल तर टेप गुंडाळून भागवू नये, वायर बदलावी. पिनेच्या मुळाशी प्लॅस्टिक तपकिरी झाले असेल किंवा पितळी पिन काळवंडली असेल, तर ते सॉकेट सैल असून तेथे ठिणगी पडत असल्याचे लक्षण आहे. अशा वेळी नुसती वायर बदलून काम होत नाही, इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटही बदलून घ्यावे. तीन पिनांपैकी वरची जाड पिन अर्थिंगची असते. ती बसत नाही म्हणून काढून टाकण्याचे उद्योग अजूनही होतात आणि मग सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात.

वीज जमिनीवरून उचला

या सगळ्या खटाटोपात सर्वाधिक फरक पडतो तो एका गोष्टीने: एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवरून उचलून टेबलालाच बसवणे. बोर्ड जमिनीवर असला की प्रत्येक वायर टेबलावरून खाली लोंबते, जमिनीवर पसरते, केरसुणीत अडकते, फरशी पुसताना ओली होते. तोच बोर्ड टेबलाच्या पोटाशी गेला की प्रत्येक वायरीचा प्रवास हात-दीड हाताचा होतो आणि जमिनीकडे फक्त बोर्डाची स्वतःची वायर उतरते.

बोर्ड कोठे आणि कसा बसवायचा याचा मात्र विचार हवा. टेबलाच्या पोटाला सॉकेटे खाली तोंड करून बसवला तर जड अडॅप्टर आपल्याच वजनाने हळूहळू निसटतात, आणि अर्धवट बसलेली पिन गरम होते. म्हणून बोर्ड टेबलाच्या मागच्या उभ्या फळीवर आतल्या बाजूने लावावा, म्हणजे पिना आडव्या जातात. किंवा टेबलाखाली लोखंडी जाळीचा ट्रे बसवून त्यात बोर्ड सॉकेटे वर करून ठेवावा. मला ट्रे अधिक पसंत आहे, कारण अडॅप्टर, जास्तीची लांबी आणि बोर्ड हे तिन्ही त्यात मावतात आणि जाळीमुळे हवाही खेळती राहते. ट्रे आणि टेबलाचे पोट यांच्यामध्ये वितभर अंतर असावे. त्याहून कमी असेल तर आत हात जात नाही आणि पिन काढताना वैताग येतो.

फळीवर लावायचा असेल तर बोर्डाच्या पाठीला किल्लीच्या भोकासारख्या दोन खाचा असतात, त्यांचा उपयोग करावा. पाठीवर कागद ठेवून पेन्सिलने घासले की खाचांचा ठसा उमटतो. तो कागद फळीवर चिकटवून त्याच खुणांवर स्क्रू बसवावेत. खाचेची दिशा अशी ठेवावी की पिन ओढताना बोर्ड मोठ्या भोकाकडे सरकणार नाही, एरवी एक दिवस पिनेऐवजी बोर्डच हातात येतो. ट्रे टेबलाच्या पोटाला बसवताना स्क्रूची लांबीही पाहावी. प्लायवूड १८ मिलिमीटरचे असेल तर लाकडात १२-१३ मिलिमीटर शिरेल एवढाच स्क्रू वापरावा, नाहीतर त्याचे टोक वरच्या सनमायकातून डोके काढते. काचेच्या टेबलाला अर्थातच भोके पाडता येत नाहीत. तेथे शिकंज्याने पकडणारा ट्रे मिळतो तो घ्यावा. फोमच्या दुहेरी चिकटपट्टीवर वजनदार बोर्ड सोपवू नये. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत पावसाळा संपेपर्यंत ती बहुधा सुटते.

यूपीएसची गोष्ट वेगळी. त्यात शिशाची जड बॅटरी असते, म्हणून तो खालीच राहावा, पण थेट फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर किंवा बुटक्या स्टँडवर ठेवावा आणि त्याच्या जाळीच्या बाजू मोकळ्या सोडाव्यात. यूपीएसची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्येच जावी. सीपीयू, मॉनिटर आणि राउटर यांच्या पिना थेट यूपीएसच्या मागे लावाव्यात. यूपीएसला एक्स्टेंशन बोर्ड जोडून त्यावर सगळे घर चालवण्याचा मोह टाळावा. लेसर प्रिंटर तर यूपीएसवर नकोच, कारण त्यातला तापणारा रूळ गरम होताना एकदम इतका प्रवाह ओढतो की यूपीएस बोंबलू लागतो किंवा बंद पडतो. प्रिंटर, टेबललॅम्प, चार्जर हे टेबलाखालच्या बोर्डावर राहू द्यावेत. अशा रीतीने भिंतीतल्या सॉकेटांकडे जाणाऱ्या वायरी दोनच उरतात. भिंतीत सॉकेट एकच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून दुसरे काढून घ्यावे, पण एका बोर्डात दुसरा बोर्ड आणि त्यात तिसरा अशी आगगाडी करू नये. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा २३० व्होल्टला १,३८० वॅट इतकी असते. संगणकाचे सामान त्याच्या कितीतरी आत बसते. अडचण होते ती कोणीतरी त्याच बोर्डावर इस्त्री किंवा पाण्याची किटली लावते तेव्हा.

वाट आणि ढील

आता वायरी एकेक करून परत लावाव्यात. आधी विजेच्या, मग डेटाच्या. टेबलाच्या पोटाला दोन वाटा ठरवाव्यात, एक मागच्या कडेने विजेच्या वायरींसाठी आणि दुसरी तिच्यापासून चार-सहा इंच पुढे एचडीएमआय (मॉनिटरला चित्र नेणारी), यूएसबी आणि लॅनसाठी. जेथे एकमेकींना ओलांडावे लागेल तेथे काटकोनात ओलांडावे. खरे सांगायचे तर एवढ्याशा अंतरात लॅन किंवा एचडीएमआयवर विजेच्या वायरीचा काही परिणाम होत नाही. परिणाम ऐकू येतो तो स्पीकरच्या साध्या ऑडिओ वायरीत, आणि तोही बारीक गुणगुणण्याच्या रूपाने. पण दोन वाटा वेगळ्या ठेवल्या की नंतर वायर शोधणे सोपे जाते, आणि तेवढ्यासाठी हा त्रास घ्यावा.

प्रत्येक वायरीला तिच्या दोन्ही टोकांशी थोडी ढील ठेवावी. मॉनिटर पुसताना पुढे ओढला जातो, सीपीयू साफ करताना बाहेर काढला जातो. तेव्हा ताण वायरीवर येऊ नये, कारण तो शेवटी मदरबोर्डावर झाळलेल्या सॉकेटवर जातो. मॉनिटरच्या मागे एक हातभर आणि सीपीयूच्या मागे तो निम्मा बाहेर येईल इतकी ढील पुरते. वर-खाली होणारे टेबल असेल तर ते सर्वांत वरच्या उंचीला नेऊन मगच ढिलीचा हिशेब करावा.

त्याउपर जी लांबी उरते ती ट्रेमध्ये मोकळ्या वेटोळ्यात ठेवावी. वेटोळे हाताच्या पंजाएवढे असावे आणि कोपरावर गुंडाळलेले नसावे, कारण कोपरावर गुंडाळताना प्रत्येक फेऱ्यात वायरीला एक पीळ बसतो आणि सोडल्यावर ती साखळीसारखी वळत राहते. ध्वनिव्यवस्था सांभाळणारे लोक एक वेटोळे सुलट आणि पुढचे उलट घालतात. तसे केले की पिळाला पीळ कापतो. दोन-तीन वायरींवर हात बसला की ते आपोआप जमते. सर्वांत चांगले म्हणजे जास्तीची लांबी मुळात नसणेच. तीन मीटरची एचडीएमआय जेथे दीड मीटरमध्ये भागते तेथे नवी आखूड वायर घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हव्या त्या लांबीच्या वायरी मिळतात आणि तेथे लांबी सांगून मागायला संकोच करू नये.

वळणाबाबत एक वायर विशेष जपावी लागते, ती म्हणजे फायबरची. भिंतीतून येणारी ती बारीक, बहुधा पिवळी किंवा पांढरी वायर आणि तिच्या टोकाची हिरवी किंवा निळी प्लॅस्टिकची टोपी. आत केसाएवढी काच असते. वळण फार आवळले तर प्रकाश काचेतून बाहेर झिरपतो आणि डब्यावरचा लाल दिवा लागतो. मग तक्रार नोंदवून तंत्रज्ञाची वाट पाहणे आले. तिचे वेटोळे कपाच्या बशीपेक्षा लहान करू नये, तिच्यावर टाय तर अजिबात आवळू नये, आणि शक्यतो ती काढूच नये. काढावी लागलीच तर टोकाला धूळ लागू न देता झाकण लावावे आणि त्या टोकात डोळा घालून पाहू नये. लॅनची वायर एवढी नाजूक नसते, तरी तिच्या जाडीच्या चौपट त्रिज्येपेक्षा आवळ वळण देऊ नये. म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर धरून चालावे.

बिनतारी माउस आणि कीबोर्ड घेतल्याने दोन वायरी खरोखर कमी होतात, पण एक अडचण येते. माउसचा चिमुकला रिसीव्हर सीपीयूच्या मागच्या निळ्या यूएसबी ३ भोकाशेजारी लावला की कधी कधी बाण अडखळू लागतो. यूएसबी ३ मधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो आणि माउसचा रिसीव्हर त्याच पट्ट्यात ऐकत असतो. रिसीव्हर पुढच्या बाजूच्या जुन्या यूएसबी २ च्या भोकात लावला किंवा छोट्या एक्स्टेंशन वायरीने टेबलावर आणला की तक्रार मिटते.

आता बांधायचे

बांधण्यासाठी वेल्क्रोची पट्टी घ्यावी, प्लॅस्टिकचे टाय नव्हेत. प्लॅस्टिकचा टाय १९५८ साली अमेरिकेत विमानांतल्या वायरींसाठी निघाला. तेथे बांधलेली वायर वर्षानुवर्षे हलू नये अशीच अपेक्षा असते. घरच्या टेबलावर दर दोन-चार महिन्यांनी काहीतरी बदलते, आणि टाय कापताना शेजारच्या वायरीच्या आवरणाला कटरची धार लागण्याचा धोका असतो. वेल्क्रोचे अर्धा इंच रुंदीचे गुंडाळे आणून हवे तसे तुकडे कापावेत. पट्टी इतकीच आवळावी की तिच्याखाली वायर बोटाने मागे-पुढे सरकेल. ट्रेच्या तोंडाशी एक, वाटेत वीतभर अंतरावर एकेक, आणि जेथे वायर वाट सोडून उपकरणाकडे वळते तेथे एक, एवढ्या पुरतात. अडॅप्टर मात्र एकत्र बांधू नयेत. ते तापतात, त्यांच्यामध्ये दोन बोटांचे अंतर ठेवावे आणि त्यांच्यावर कापड किंवा वायरींचे वेटोळे येऊ देऊ नये.

टेबलापासून भिंतीपर्यंत जाणाऱ्या त्या दोन वायरी टेबलाच्या मागच्या पायाला वेल्क्रोने लावून खाली आणाव्यात आणि पुढे भिंतीच्या कडेने पीव्हीसीच्या केसिंग-कॅपिंग पट्टीतून न्याव्यात. इलेक्ट्रिकच्या कोणत्याही दुकानात ही पट्टी मिळते, वरचे झाकण दाबले की बसते आणि नखाने उचलले की निघते. खोलीच्या मधून वायर न्यायची वेळ शक्यतो येऊच देऊ नये. चाकांच्या खुर्चीखाली आलेली वायर बाहेरून धड दिसते आणि आतून तुटलेली असते. सतरंजीखालून नेणे त्याहून वाईट, कारण तेथे ती तापली तरी कळत नाही.

आता भिंतीवरचे बटण, मग यूपीएस, मग राउटर आणि शेवटी संगणक असे चालू करावे. तासाभराने टेबलाखाली हात घालून प्रत्येक पिनेच्या आणि अडॅप्टरच्या प्लॅस्टिकला स्पर्श करून पाहावा. अडॅप्टर कोमट लागणे ठीक आहे, पिन किंवा बोर्ड गरम लागणे ठीक नाही. मॉनिटर पुढे ओढून पाहावा, सीपीयू अर्धा बाहेर काढून पाहावा. कोठे ताण बसत असेल तर तेथील वेल्क्रो सोडून ढील वाढवावी.

शेवटी उरतात त्या कशाच्याच नसलेल्या वायरी. त्यांपैकी प्रत्येक प्रकारची एक चालू वायर, सुटी टोके वेल्क्रोखाली दाबून, वेगळ्या पिशवीत ठेवावी. जुन्या प्रोजेक्टरला लागते म्हणून एखादी व्हीजीए ठेवायला हरकत नाही, पण चार ठेवण्याचे कारण नाही. बाकीच्या वायरी आणि मेलेले अडॅप्टर ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावेत. यूपीएसची जुनी बॅटरी मात्र त्यांत मिसळू नये. नवी घेताना ती त्याच दुकानात परत द्यावी, तिचे थोडेफार पैसे बिलातून वजाही होतात.